नेक्सॉन घ्या, पण घरासाठी घ्या

टाटांची नेक्सॉन सप्टेंबर २०१७ मध्ये बाजारात आली. पुण्याजवळ रांजणगावला ती बनू लागली. दिसायला जीपसारखी उंच, पण बांधणी मोटारीची, अशा गाडीला क्रॉसओव्हर म्हणतात.

गाडी चांगली आहे, यात वाद नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळवणारी ती भारतात बनलेली पहिली गाडी ठरली. २०२३ च्या नव्या रूपात सहा एअरबॅग सर्व प्रकारांत आल्या. जमिनीपासून उंची २०८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या रस्त्यांना पुरेशी.

लांबी ३,९९५ मिलिमीटर. चार मीटरला फक्त पाच कमी! कारण कराचे आहे. चार मीटरच्या आतली, आणि पेट्रोलला १,२०० व डिझेलला १,५०० सीसीपर्यंत इंजिन असलेली गाडी सरकार २००६ पासून लहान मानते. नेक्सॉनची इंजिने १,१९९ आणि १,४९७ सीसीची. अशा गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, वरचा सेसही गेला.

आमचे व्यापारी बांधव फसतात ते इथे. 'दुकानाच्या नावावर घेऊ, जीएसटी वळता होईल,' असा हिशेब मांडला जातो. तो चूक आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार चालकासह १३ पर्यंत बैठका असलेल्या प्रवासी गाडीच्या कराची वजावट मिळत नाही. गाड्या विकणारे, प्रवासी वाहतूक करणारे आणि ड्रायव्हिंग शिकवणारे तेवढे सुटले. करापूर्वी दहा लाखांची गाडी घेतली, तर एक लाख ऐंशी हजार खिशातूनच गेले समजा. तिच्या विम्यावरचा व दुरुस्तीवरचा करही तसाच. उलट मालवाहू टेम्पोवर वजावट मिळते. कंपोझिशनवाल्यांना मात्र तीही नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. माल वाहायचा असेल, तर आधी टेम्पो घ्यावा. नेक्सॉनची मागची सीट पाडून कापडाचे चार तागे जातीलही, पण रोजच्या ओझ्यासाठी ती बनलेली नाही. बायकामुलांसाठी घ्यायची, तर जरूर घ्या, पण घरच्या शिलकीतून. दुकानाच्या भांडवलाला हात लावू नका.

सप्टेंबर २०२४ मध्ये सीएनजीची नेक्सॉनही आली. एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी बसवल्याने डिकीत ३२१ लिटर जागा उरते. पेट्रोलच्या गाडीत ती ३८२ आहे. ती घेणाऱ्याने आपल्या गावापासून सीएनजी पंप किती लांब आहे आणि तिथे रांग किती लागते, हे आधी पाहून यावे.