अंगणवाडीला तिचे अंगण परत मिळेल काय?

परीक्षा आटोपून उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुंबई आणि तिच्या उपनगरांत बालशिबिरांच्या जाहिरातींना बहर येतो. त्यांत अलीकडे ‘निसर्ग शिबिर’ हा प्रकार विशेष लोकप्रिय झाला आहे. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना सकाळी एखाद्या वाडीत न्यावे, मातीत हात घालू द्यावेत, पक्षी दाखवावेत, बिया पेरू द्याव्यात आणि उन्हे तापण्यापूर्वी घरी पोचवावे, अशी त्याची साधारण आखणी असते. कल्पना चांगली आहे आणि बंद खोल्यांत, पडद्यासमोर वाढणाऱ्या मुलांना तिचा लाभ मिळणे हिताचेच आहे. परंतु ज्या पालघर जिल्ह्यातील वाड्या आणि समुद्रकिनारे अशा सहलींसाठी पसंत केले जातात, त्याच जिल्ह्यात उघड्या आभाळाखालच्या बालशिक्षणाचा पाया आठ दशकांपूर्वी घातला गेला. तो फी भरू शकणाऱ्यांसाठी घातला गेलेला नव्हता. गुरे राखणाऱ्या, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडणाऱ्या आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या मुलांसाठी तो होता. त्या मुलांच्या नातवंडांना आणि त्यांच्या शेजारी येऊन राहिलेल्या कामगारांच्या मुलांना त्यातले आज काय मिळते, हा प्रश्न या निमित्ताने विचारला पाहिजे.

बोर्डी ते कोसबाड

ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहवासात बालशिक्षणाचे काम आरंभले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि पुढे दादरला शिशुविहार सुरू झाला. शहरातील हे काम यशस्वी होत असतानाच त्यातील उणीव ताराबाईंना जाणवू लागली होती. माँटेसरी पद्धतीची साधने महाग. ती मध्यमवर्गीय वस्तीतच परवडणार. खेड्यातील मुलाला त्यांचा उपयोग काय? या विचाराने १९४५ साली त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. तरुण शिक्षिका अनुताई वाघ त्यांच्या साहाय्याला आल्या आणि पुढे आयुष्यभर तेथेच राहिल्या.

ते वर्षही लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच १९४५ साली याच टापूतील वारली वेठबिगारीविरुद्ध किसान सभेच्या झेंड्याखाली उठले होते. ज्या समाजात बापाचे श्रम सावकाराकडे गहाण पडलेले आणि मुलाचे श्रम घराला हवेच असलेले, त्या समाजातील मूल घंटा वाजल्यावर बालवाडीत येऊन बसेल, ही अपेक्षाच चुकीची होती. बोर्डीत तोच अनुभव आला. मध्यवर्ती बालवाडीत सुस्थितीतील घरांची मुले आली; दलित आणि आदिवासी वस्त्यांतील मुले आली नाहीत. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्या वस्त्यांत नेली. कोणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडून घ्यायचे, मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. ही पहिली अंगणवाडी. साधने म्हणून खडे, शिंपले, पाने, बिया, काड्या आणि बांबूचे तुकडे. मोजणे, लहानमोठे ओळखणे, रंग आणि स्पर्श यांतील भेद जाणणे हे सारे त्यांवर शिकवता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर आल्यानंतर त्याच्या पुढची पायरी गाठली गेली. गुरे राखणारी मुले कुरण सोडून येऊ शकत नव्हती, म्हणून शिक्षिका कुरणात गेल्या. ही कुरणशाळा. मोठी बहीण धाकट्याला सांभाळण्यासाठी घरी राहते असे दिसले, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी केली. १९७३ साली ताराबाई गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, हे काम पुढे चालवले.

जगात अन्यत्रही या विचाराचा उगम असाच आहे. मार्गारेट मॅकमिलन यांनी १९१४ साली लंडनमधील डेप्टफर्ड या गरीब वस्तीत उघड्या हवेतील बालशाळा काढली, ती कोंदट घरांत आजारी पडणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी. मोकळी हवा ही मुळात चैनीची वस्तू नव्हती. ती गरिबाच्या मुलाची गरज म्हणून शिक्षणात आली.

नाव राहिले, अंगण गेले

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ गटांत सुरू केली आणि बोर्डीत रुजलेले अंगणवाडी हे नाव देशभर गेले. एका मराठी शिक्षणकर्तीचा एवढा मोठा सन्मान क्वचितच झाला असेल. परंतु नावाबरोबर पद्धत गेली असे मात्र म्हणता येणार नाही. योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, माता व किशोरींना आहार आणि आरोग्याचे शिक्षण, आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एकत्र बांधलेल्या आहेत. कुपोषणाने ग्रासलेल्या जव्हार-मोखाड्यासारख्या भागात आहाराला अग्रक्रम मिळाला, तो योग्यच होता. तथापि सेविकेची सकाळ शिजवणे, वाटणे, वजने घेणे आणि नोंदी करणे यांत जाऊ लागली. पूर्वी वह्या होत्या. २०२१ पासून पोषण ट्रॅकर नावाची मोबाइलवरील प्रणाली आली. मुलांना घेऊन झाडाखाली बसण्याचा वेळ कोणत्याही रकान्यात बसत नाही, म्हणून तो सर्वांत आधी सुटला.

इमारतींना नावे ठेवण्यात अर्थ नाही. चार महिने धुवांधार पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात पक्के छप्पर हवेच. पण पावसासाठी बांधलेली खोली उरलेले आठ महिनेही शिक्षणाची सीमा ठरावी, हे कोसबाडच्या शिकवणुकीच्या विरुद्ध आहे. वर्षातून ३०० दिवस पूरक आहार द्यावा असा या योजनेचा दंडक आहे; म्हणजे शाळांप्रमाणे दीर्घ सुट्टी घेण्यास अंगणवाडीला वाव नाही. शाळांना कुलपे लागलेली असताना गावात लहान मुलांसाठी उघडी असणारी ही एकमेव सार्वजनिक जागा. एप्रिल-मे महिन्यांतील सकाळचे दोन-अडीच तास तिने अंगणात, शेताच्या बांधावर किंवा किनाऱ्यावर घालवले, तर तेच निसर्ग शिबिर झाले. आणि त्याला फी लागणार नाही.

बोईसर-तारापूरची कसोटी

हा विचार सर्वांत जास्त अडेल तो बोईसर-तारापूर पट्ट्यात, आणि त्याची गरजही तेथेच सर्वाधिक आहे. १९६९ साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले. त्यापाठोपाठ औद्योगिक वसाहत आली, तिच्याबरोबर औषधे, रसायने, रंग, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आले आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून कामगार आले. केंद्राच्या आणि मोठ्या कारखान्यांच्या आखीव वसाहतींत झाडे आहेत, मैदाने आहेत. त्यांच्या बाहेर दाटीने उभ्या राहिलेल्या चाळींत एका खोलीत कुटुंब राहते आणि उंबरठ्याबाहेर थेट रस्ता किंवा गटार येते. ताराबाई ज्या अंगणात जाऊन बसल्या, ते अंगण या मुलांच्या घराला नाहीच.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली केलेल्या औद्योगिक क्षेत्रांच्या मूल्यमापनात तारापूरचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९, म्हणजे देशात सर्वांत वरचा, ठरला. नवापूर, दांडी, मुरबे या किनारी गावांतील मच्छीमार खाडीत येणाऱ्या रासायनिक सांडपाण्याविषयी वर्षानुवर्षे गाऱ्हाणे मांडत आले. त्यांच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांना व सांडपाणी प्रक्रिया केंद्राला भरपाईचे आदेश दिले. ज्या ओहोळात पाय बुडवण्यास मोठ्या माणसाला भीती वाटावी, त्या ओहोळाकाठी चार वर्षांच्या मुलाला निसर्ग कसा दाखवणार?

यावर एक उत्तर असे की मुलांना दूर न्यावे. चिंचणी आणि केळवे येथील सुरूच्या बागा फार लांब नाहीत. शिरगावचा किनारा आणि किल्लाही पालघरपासून जवळ आहे. तात्पुरती सोय म्हणून हे करता येईल. पण बसगाडीने जाऊन पाहिलेला निसर्ग आणि रोजच्या वाटेवरचा निसर्ग यांत फरक आहे. कोसबाडचे सूत्र मूल जेथे आहे तेथे शिक्षण नेण्याचे होते. ते सूत्र बोईसरला लावायचे तर मुलांच्या वस्तीजवळची निदान एक मोकळी जागा आणि एक ओहोळ मुलांच्या हाताला लागण्याइतका स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी औद्योगिक विकास महामंडळ, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि ग्रामपंचायत यांच्यावर येते. प्रदूषणाचे आकडे अहवालांत पडून राहतात. अंगणवाडीची तीस मुले रोज सकाळी जेथे खेळणार आहेत, त्या मातीची आणि पाण्याची तपासणी मात्र कोणत्याही यंत्रणेला सहजासहजी टाळता येणार नाही.

हीच गोष्ट उत्तरेकडील किनाऱ्याची. डहाणू तालुका १९९१ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला. त्याच तालुक्यातील वाढवण येथील महाबंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. बंदराच्या लाभहानीचा हिशेब हा वेगळा विषय आहे. परंतु जो किनारा आज बालवाडीच्या मुलांना भरती-ओहोटी आणि खेकड्यांची बिळे दाखवतो, त्याची किंमत या हिशेबात कोठे धरली गेली आहे, हे विचारण्याचा अधिकार तेथील पालकांना आहे.

आक्षेप आणि उपाय

अशा शिबिरांवर काही आक्षेप येतील. पहिला उन्हाचा. दमट हवेतील पालघरचा उन्हाळा लहान मुलांना बाधू शकतो, म्हणून वेळ सकाळी साडेसात ते दहा हीच असावी आणि सावली व पिण्याचे पाणी यांवाचून कोठेही जाऊ नये. विंचू-सापांचे भय खरे आहे. आदल्या दिवशी जागा पाहून, झाडून घेणे हे त्यावरचे जुने आणि पुरेसे उत्तर आहे. दुसरा आक्षेप पालकांचा: खेळून काय होणार, मुलाला अक्षरे आणि इंग्रजी कधी येणार? कामगार बापाची ही घाई समजण्यासारखी आहे, कारण शिक्षण हीच त्याच्या मुलाची एकमेव शिडी आहे. परंतु २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा खेळातून आणि कृतीतून शिकण्याचा मानला आहे. मोहाची फुले वेचून त्यांचे दहा-दहाचे ढीग घालणारे मूल गणितच शिकत असते. शिवाय या पट्ट्यात वारली, मांगेली, वाडवळी, भोजपुरी, उडिया बोलणारी मुले एकत्र येतात. पुस्तकातील शब्दापेक्षा हातातले करवंद किंवा वलांडीवर वाळणारा बोंबील यांच्यामुळे एका बोलीतील नाव दुसरीत लवकर जाते.

तिसरा आक्षेप सेविकांचा, आणि तो सर्वांत न्याय्य आहे. त्यांना वेतन नाही, मानधन मिळते. ग्रॅच्युइटीचा त्यांचा हक्क मान्य होण्यासाठी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय लागला. डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविका व मदतनीस पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. त्यांच्या डोक्यावर आणखी एक उपक्रम विनामूल्य लादणे हा अन्याय ठरेल. शिबिराच्या चार आठवड्यांसाठी त्यांना वेगळा मोबदला द्यावा, त्या काळात नोंदींचे काम कमी करावे आणि सोबतीला गावातील एखादी जाणती वारलीण, एखादा निवृत्त मच्छीमार, अध्यापिका होऊ इच्छिणारी एखादी तरुणी यांना मानधनावर घ्यावे.

यासाठी पैसा नाही असे म्हणता येणार नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले आहे, आणि तारापूरमध्ये कारखान्यांची वाण नाही. अनुसूचित क्षेत्रातील गावांना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी २०१५ पासून थेट मिळतो आणि त्याच्या विनियोगात ग्रामसभेला अधिकार आहे. कार्यक्रमाचे स्वरूप ठरवताना मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. जव्हार, मोखाडा, विक्रमगड येथील पुष्कळ कुटुंबे उन्हाळ्यात गावी नसतातच; ती वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर असतात. या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगा शाळा चालवल्या होत्या. कुरणशाळेचेच हे पुढचे रूप होते. उन्हाळी शिबिर गावात भरवून ही मुले गैरहजर दाखवण्यापेक्षा ते भट्टीवर भरवणे अधिक योग्य होईल.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, तेव्हा आदिवासींच्या प्रश्नांकडे जवळून लक्ष देता यावे हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. जिल्हा परिषदेने येत्या उन्हाळ्यात बोईसर परिसरातील दहा, किनाऱ्यावरील दहा आणि डोंगरी तालुक्यांतील दहा अंगणवाड्या निवडून हा प्रयोग करावा आणि त्याचा खर्च व परिणाम लोकांपुढे ठेवावेत. त्यासाठी परदेशी तज्ज्ञ आणण्याची किंवा नवे नाव शोधण्याची गरज नाही. सेविकांचे पहिले प्रशिक्षण कोसबाडच्या टेकडीवर घ्यावे आणि पुढच्या सकाळी त्यांना मुलांसह बाहेर पडू द्यावे.