चालण्याच्या दिवसाचे ताट, बसण्याच्या दिवसाचे ताट

दिवाळी सरते न सरते तोच दिल्लीच्या आकाशावर धुराचा पडदा उतरतो. लोदी उद्यानात, नेहरू पार्कमध्ये किंवा नोएडा-गाझियाबादच्या वसाहतींतील लहानशा बागांत ज्यांचा पहाटे चार किलोमीटर चालण्याचा नियम असतो, त्यांना तो मोडावा लागतो. हवेचा निर्देशांक ४०० च्या वर गेला की ती हवा सरकारी वर्गवारीत ‘गंभीर’ ठरते. अशा हवेत भरभर चालणे म्हणजे अधिकच धूर छातीत ओढून घेणे होय. तेव्हा चालणे थांबविले जाते, हे योग्यच. परंतु नेमक्या याच दिवसांत घरात मुळ्याचे व फ्लॉवरचे पराठे, गजक, रेवडी आणि गाजराचा हलवा यांचे आगमन होते. (हलवा गाजराचा असला तरी तो भाजीत मोजू नये, ही विनंती.) हालचाल घटते आणि ताट वाढते. उन्हाळ्यात नेटाने उतरविलेले दोन-तीन किलो वजन फेब्रुवारीपर्यंत पुन्हा अंगावर बसते, आणि दोष मात्र थंडीला दिला जातो.

थंडीचा त्यात वाटा अल्पच असतो. लोकरीचे कपडे घालून, रजईत पाय घेऊन बसलेल्या माणसाच्या शरीराला गारठ्यापायी फारसे जास्त इंधन लागत नाही. भूक वाढल्यासारखी वाटते खरी. पण गरज ठरते ती हातापायांच्या कामावरून.

ही गरज किती बदलते, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरविलेल्या प्रमाणांवरून दिसते. ६५ किलो वजनाच्या निरोगी पुरुषाला बैठ्या कामात दिवसाला २११० उष्मांक पुरतात. मध्यम श्रमात २७१० आणि जड श्रमात ३४७० लागतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे १६६०, २१३० आणि २७२० असे आहेत. जात्यावर दळणारी, विहिरीचे पाणी ओढणारी आजी आणि गुरुग्रामच्या कचेरीत संगणकापुढे बसणारी नात यांच्या गरजेत दररोज निदान पाचशे उष्मांकांचे अंतर पडते. आजीच्या काळची पोळ्यांची संख्या मात्र पुष्कळ घरांत तशीच चालत आलेली आहे.

आता चार किलोमीटर चालण्याचा हिशेब पाहू, कारण येथे बहुतेकांची फसगत होते. सत्तर किलो वजनाच्या माणसाचे चार किलोमीटर झपझप चालण्यात सुमारे २०० उष्मांक खर्च होतात. त्यांतील पन्नास-साठ तर तो तेवढा वेळ खुर्चीत बसला असता तरी खर्च झालेच असते. म्हणजे निव्वळ मिळकत १४०-१५० उष्मांकांची. पंचवीस ग्रॅम कणकेच्या कोरड्या फुलक्यात साधारण ८० उष्मांक असतात. तेव्हा ही सारी कमाई दोन फुलक्यांएवढीही भरत नाही. उलट, पन्नास ग्रॅम कणीक आणि दोन चमचे तूप घेणारा एकच पराठा, आतले सारण न मोजताही, २५० च्या घरात जातो. चालून परतताना कोपऱ्यावरच्या दुकानात बेडमी-जिलबी खाणाऱ्यांची गर्दी आपण पाहिली असेलच. त्या मंडळींचे वजन का उतरत नाही, हे निराळे सांगावयास नको.

यावर आम्ही सुचवितो तो उपाय साधा आहे. वजन उतरवीत असताना घरात दोन ताटे ठरवावीत: एक चालण्याच्या दिवसाचे, एक बसण्याच्या दिवसाचे. दोहोंत फरक दोन फुलक्यांचा, किंवा एक फुलका आणि तुपाचे दोन लहान चमचे यांचा. एवढाच. ज्या दिवशी धुरामुळे, पाहुण्यांमुळे किंवा घरून काम करण्याच्या आदेशामुळे बाहेर पडणे झाले नाही, त्या दिवशी दुसरे ताट वाढावे. ज्यांना रोज मेट्रोसाठी पायपीट करावी लागते, जिने चढावे लागतात, त्यांची सुटीच्या दिवशीची हालचाल कामाच्या दिवसापेक्षा कमी असते, ही गोष्टही ध्यानात घ्यावी. रविवारचे ताट सहसा सर्वांत जड असते आणि त्याच दिवशी सर्वांत हलके असावयास हवे.

काय कमी करावे यात मात्र चूक होऊ देऊ नये. पोषण संस्थेने २०२४ साली सुचविलेल्या २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, डाळी वा अंडी-मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर आहे. कमी-जास्त करावयाची ती धान्य, तूप-तेल आणि साखर. वरण, उसळ, दही, कोशिंबीर यांना हात लावू नये. वजन उतरताना चरबीबरोबर थोडे मांसही झडते. त्यात हालचाल बंद आणि प्रथिनेही कमी, असे झाले तर ते अधिकच झडते. म्हणून चालणे बंद असलेल्या दिवसांत घरातच खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठावे-बसावे, दोन-तीनदा ही आवर्तने करावीत, आणि जेवणानंतर दहा मिनिटे घरातल्या घरात फिरावे.

गृहिणींविषयी स्वतंत्र सांगितले पाहिजे. सर्वांचे वाढून झाल्यावर जी शेवटी जेवावयास बसते, तिचे ताट तिच्या श्रमांवरून ठरत नाही, भांड्यात काय उरले त्यावरून ठरते. दोन पोळ्या उरल्या तर त्या ‘वाया कशाला’ म्हणून पोटात जातात. भाजी संपली तर लोणच्यावर भागविले जाते. अशा रीतीने एकाच आठवड्यात जास्तीचे धान्य आणि कमतरतेची भाजी, अशी दुहेरी हानी तिच्या वाट्याला येते. सकाळीच आपल्या वाटणीची डाळ-भाजी झाकून बाजूस ठेवावी आणि कणीक माणसे मोजून भिजवावी. उरलेली पोळी दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीत धरली तर तिचा हिशेब लागतो. घरातील इतरांनी, विशेषतः पुरुषांनी, याकडे लक्ष पुरविले तर बरे.

वाढीची मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांनी ही काटछाट करू नये. मधुमेहासाठी जे इन्सुलिन किंवा गोळ्या घेतात, त्यांनी फुलके कमी करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. औषध तेवढेच आणि अन्न कमी, असे झाल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरते. वैद्यकीय देखरेखीवाचून कोणीही दिवसाचा आहार १२०० उष्मांकांच्या खाली नेऊ नये.

वजन रोज पाहू नये; आठवड्यातून एकदा, सकाळी, न्याहारीपूर्वी पाहावे. त्याबरोबर कंबरेला फीत लावावी: पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर असेल तर भारतीयांच्या बाबतीत तो धोक्याचा मानतात. अंगाने सडसडीत दिसणाऱ्यांचेही पोट पुष्कळदा या मापात बसत नाही. आठवड्याला अर्धा किलो उतरत असेल तर ताट योग्य आहे. पुढे ही गती मंदावेल, कारण हलक्या झालेल्या देहाला चालावयास आणि जगावयासही इंधन कमी लागते. ७८ किलोच्या माणसाला जे ताट उतरवीत होते तेच ७० किलोला केवळ स्थिर ठेवील. असे दोन-तीन आठवडे घडले तर चालण्याच्या दिवसाच्या ताटातूनही एक फुलका कमी करावा.

फेब्रुवारीत हवा निवळली, बागा पुन्हा भरू लागल्या, की पहिल्याच दिवशी दोन्ही फुलके परत घेऊ नयेत. आठ-दहा दिवस चालणे नियमित झाले आहे असे पाहून एक घ्यावा आणि दुसऱ्याचा विचार त्यापुढच्या आठवड्याच्या वजनावर सोडावा.