पेडल खाली गेलं, मी गाडीखाली!

गेल्या महिन्यात बाबांच्या पद्मिनीनं भर सिग्नलला थांबायचं साफ नाकारलं. ब्रेकचं पेडल थेट तळाला! हँडब्रेक खेचून बाबांनी कशीबशी थांबवली, घरी आले, किल्ली फ्रिजवर ठेवली आणि म्हणाले, ‘‘विकून टाकू.’’ कुर्ल्याच्या कारखान्यातली १९७८ची गाडी. मला हॉस्पिटलमधून घरी आणलं ते हिच्यातूनच. विकू? सॉरी बॉस!

दोष पाच मिनिटांत सापडला. मागच्या चाकांकडे जाणारा स्टीलचा ब्रेक पाइप गंजून फुटला होता. हिच्यात ब्रेकचं सर्किट एकच, त्यामुळे एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी. हल्लीच्या गाड्यांत दोन सर्किट असतात, निदान अर्धे ब्रेक तरी उरतात. म्हणजे आता सगळेच पाइप बदलणं आलं.

मास कॉमला हे शिकवत नाहीत. म्हणून आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्या चाचांना गळ घातली : काम मी करते, तुम्ही फक्त ओरडा. (हे काम एकट्यानं करूच नका. जाणकार माणूस शेजारी हवाच.)

पाइप आणला तांबं-निकेलचा, ४.७५ मिलिमीटरचा. तो गंजत नाही आणि स्टीलपेक्षा सहज वळतो. नुसत्या तांब्याचा नको, हादऱ्यांनी कडक होऊन तडकतो. ‘सहज वळतो’ म्हटल्यावर मी तो गुडघ्यावर घेतला आणि वाकवला. चिमटलाच! पक्कडीनं दाबून गोल करावा म्हटलं, तर चाचा ओरडले, ‘‘फेक तो! तिथंच फुटेल उद्या.’’

मग रीतसर. जुने पाइप न वाकवता अख्खे काढले, वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं आकार गिरवला. नवा पाइप बेंडरवर, थोडा थोडा वळवत त्या रेघेवर आणला. टोकाला जुन्यासारखाच फ्लेअर काढला. एकदम झक्कास जमला. आणि नट? तो पाइपवर ओवायचा राहिलेला, जमिनीवर पडून माझ्याकडे बघत होता. टोक कापलं, पाइप इंचभर आखूड झाला, गेला भंगारात. तेव्हापासून आधी नट, मग फ्लेअर!

खरी परीक्षा बसवताना. दोन्ही टोकांचे नट आधी बोटांनी फिरवायचे, तीन-चार आटे तरी. क्लिपा सगळ्यात शेवटी. नट बोटांनी फिरत नसेल तर पाइप तिरका येतोय असं समजायचं आणि पाना न उचलता बाक सुधारायचा. मी एकदा पान्यानं जोर लावायला गेले, चाचांनी पानाच काढून घेतला. मास्टर सिलिंडरचे आटे गेले, तर जुन्या गाडीला तो शोधत फिरा मग! पानाही साधा फिक्स नको, त्यानं नटाचे कोपरे गोल होतात. पाइपपुरती फट असलेला फ्लेअर नट पाना मिळतो, तोच घ्या. आणि बसवेपर्यंत पाइपांची तोंडं टेपनं बंद. आत गेलेला कचरा थेट ब्रेकमध्ये पोचतो.

एअर काढायला पेडलवर कुणीतरी हवं होतं. बाबा महिनाभर गाडीकडे फिरकले नव्हते. बोलावलं तर लुंगीवरच खाली आले. सगळ्यात लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. ‘‘दाबा... धरून ठेवा... सोडा.’’ तासभर आम्ही एवढंच बोललो. ब्रेक ऑइल सांडून मडगार्डचा रंग थोडा उडाला. त्यावरही ते काही बोलले नाहीत!

शेवटी पेडल मिनिटभर दाबून ठेवायला सांगितलं आणि प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावला. पुढच्या उजव्या चाकाशी एक ठिपका ओला. नट जरासा आवळला, पुसला, पुन्हा दाबायला लावलं. कोरडा. चाचांनी स्वतः सगळे जोड परत तपासले.

मग गल्लीत, माणसाच्या चालीनं, दहा वेळा ब्रेक. दहाही वेळा पेडल वरच्या वर, कडक. बाबांनी वर बघून आईला हाक मारली, ‘‘येतेस का? चक्कर मारून येऊ.’’

‘‘आधी तुम्ही दोघं जाऊन या,’’ बाल्कनीतून उत्तर आलं.