जुना सिनेमा की नवा सिनेमा?

आमच्या सिद्धेश्वरला टॉकीज नाही. नवा सिनेमा पाहायचा तर शहरात जावे लागते. एस.टी.चे भाडे, तिकीट, शिवाय त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून घरातले एक-दोघेच जातात. आजी तर कधीच जात नाही.

काही मुले म्हणतात, जुन्या सिनेमात रंग नसतो, म्हणून तो कंटाळवाणा. मला हे पटत नाही. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ १९५३ साली आला. त्याला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यातली आई रागावते, तेव्हा आपलीच आई रागावतेय असं वाटतं. २०२३ साली ‘श्यामची आई’ पुन्हा नव्याने काढला, तोही काळा-पांढराच! मग रंगाचं काय घेऊन बसायचं?

मोठ्या पडद्यावर मजा येते, हे खरे आहे. नवे सिनेमेही पाहावेत. पण जुना सिनेमा घरी टीव्हीवर लागला, की आजीसुद्धा बसते. मधेच तिच्या लहानपणचं सांगते. ते टॉकीजमध्ये मिळत नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. महिन्यातून एक जुना सिनेमा आमच्यासोबत बसून बघा. आजी-आजोबांनाही बोलवा.

– इयत्ता चौथी