गांजाचा भाव आणि कायद्याचा वचक

मराठी माणसाला तंजावर आठवते ते भोसल्यांच्या दरबारामुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. तमिळनाडूच्या पोलिसांना मात्र हाच कावेरीचा मुलूख वेगळ्याच कारणाने चिंतेत टाकतो. आंध्र-ओडिशा सीमेवरील डोंगरांत पिकणारा गांजा या पट्ट्यात विकला जातो आणि येथूनच पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे श्रीलंकेतही जातो.

1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात 2001 साली दुरुस्ती होऊन शिक्षा वजनाशी जोडली गेली. आज एक किलोहून कमी गांजासाठी कमाल एक वर्षाची कैद आहे. 20 किलोंहून अधिक असल्यास किमान 10 वर्षांची, शिवाय जामीन दुर्मीळ. अशा रचनेत माल 20 किलोंच्या आत विभागून गरीब वाहकांच्या खांद्यावर देण्याचा मोह तस्कराला होणारच. पकडला जातो तो वाहक. भांडवल गुंतवणारा पडद्याआड राहतो.

कठोर शिक्षेमुळे जोखीम वाढते आणि तिची किंमत मालाच्या भावात मिळवली जाते. भाव चढला की नवखा ग्राहक कदाचित मागे फिरतो. पण सवय जडलेला घरखर्चाला कात्री लावतो किंवा वेदनाशामक गोळ्यांसारख्या अधिक घातक पर्यायाकडे वळण्याचा धोका असतो. 1893-94 च्या भारतीय भांग-गांजा आयोगाने सरसकट बंदी नाकारून परवाने व कर यांद्वारे नियंत्रणाची शिफारस केली होती. त्या व्यवस्थेत चढ्या भावाचा वाटा तिजोरीत जाई; आज तो तस्कराच्या खिशात जातो. अर्थात, त्या साम्राज्याला महसूलही हवा होता, हे विसरता येत नाही.

फेब्रुवारी 2022 मध्ये आंध्र पोलिसांनी सुमारे दोन लाख किलो गांजा जाळला. कारवाई मोठी होती. परंतु मागणी कायम असेल तर पीक डोंगराच्या दुसऱ्या उतारावर सरकते. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या 2019 च्या अहवालानुसार देशात सुमारे 1.3 कोटी लोक गांजा वा चरस घेतात.

शिक्षा वाढवण्याच्या प्रस्तावाला संसदेत उघड विरोध करणे कोणत्याच पक्षाला परवडत नाही. वस्तुतः अर्थपुरवठा करणाऱ्यास 20 वर्षांपर्यंत कैद आणि स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनास खटल्यापासून संरक्षण, या दोन्ही तरतुदी कायद्यात आहेतच. राज्यांनी पकडलेल्या किलोंबरोबरच या दोन कलमांच्या अंमलबजावणीचाही हिशेब सभागृहापुढे ठेवला, तर वचक नेमका कोणाला बसतो हे कळेल.