मुदत उलटलेली सून

धुळे शहराचा पांझरेपलीकडचा भाग म्हणजे देवपूर. येथे अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे, प्राध्यापकांच्या आणि निवृत्त अधिकाऱ्यांच्या वसाहती आहेत, आणि त्या वसाहतींतील पुष्कळ घरांतले एखादे तरी अपत्य सातासमुद्रापलीकडे आहे. परदेशगमनाच्या कायद्याविषयी देवपूरकरांचे ज्ञान त्यामुळे एखाद्या वकिलास लाजवील असे आहे. एच-वनवरची नोकरी सुटली तर २०१७ पासून साठ दिवसांची सवलत मिळते, हे येथे भाजी निवडता निवडता सांगितले जाते. आम्हांस या ज्ञानाचे कौतुकच आहे. आमची तक्रार एवढीच, की हे ज्ञान एकाच दिशेने वाहते.

'ओव्हरस्टे' या शब्दाने मध्यमवर्गीय मराठी घराचा थरकाप का उडतो, हे आधी नीट समजून घेऊ. १९९६ साली अमेरिकेने जो कायदा केला त्यानुसार, बेकायदा वास्तव्याचे १८० दिवस उलटून गेल्यावर, परंतु वर्ष भरण्याच्या आत, जो आपण होऊन देश सोडतो त्यास तीन वर्षे परत येता येत नाही; वर्ष किंवा त्याहून अधिक काळ राहून जो जातो त्यास दहा वर्षे. यातील गंमत (क्रूर गंमत म्हणा) अशी, की बंदी राहण्याने सुरू होत नाही, जाण्याने सुरू होते. जो कायदा पाळण्यासाठी बाहेर पडला तोच सापडला!

आता हे जोडीदाराच्या अर्जास कसे भिडते ते पाहा. एकाच्या मुदतभंगाचा कलंक दुसऱ्यास आपोआप लागत नाही. अपात्रता व्यक्तीची असते, कुटुंबाची नव्हे. पण अर्ज ज्याच्यासाठी आहे त्याचाच मुदतभंग असेल तर सर्व काही जोडीदाराच्या दर्जावर ठरते. नवरा अमेरिकेचा नागरिक असेल आणि बायको रीतसर तपासणी होऊन देशात शिरलेली असेल, तर नंतरचा मुदतभंग असूनही तिचा अर्ज तेथल्या तेथे स्वीकारता येतो. नवरा नुसता ग्रीन कार्डवाला असेल तर तो दरवाजा बंद. तिने मायदेशी यावे, मुंबईच्या वकिलातीत उभे राहावे. आणि विमानात पाय ठेवताच तीन किंवा दहा वर्षांची बंदी तिच्या मागे लागावी. माफीची सोय आहे, पण त्यासाठी नागरिक वा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदारास किंवा आईबापास 'पराकोटीचा त्रास' होईल हे सिद्ध करावे लागते. मुलांचा त्रास त्या तराजूत स्वतंत्रपणे धरला जात नाही. मुलांच्या नावाने राजकारण करणाऱ्या देशाने हे लिहून ठेवावे, याचे आम्हांस नवल वाटते.

जून २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मुन्योस खटल्यात सहा विरुद्ध तीन अशा मताने निर्णय दिला, की आपल्या परदेशी जोडीदारास देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत हक्क अमेरिकन नागरिकास नाही. (खटला मुदतभंगाचा नव्हता, पण निवाड्याची सावली सर्वांवर पडते.) नोव्हेंबर २०२५ मध्ये सॅन डिएगो येथे, नागरिक जोडीदारासोबत ग्रीन कार्डाच्या मुलाखतीस गेलेल्या, मुदत उलटलेल्या अर्जदारांना कार्यालयातच ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या. ज्या दरवाज्यास कायदा उघडा म्हणतो त्याच दरवाज्यात! देवपूर या बातम्यांनी हळहळले, आणि ते योग्यच होते.

परंतु हीच हळहळ घेऊन आपण पांझरेकाठच्या आपल्या कायद्याकडे वळलो तर काय दिसते?

१९५५ चा आपला नागरिकत्व कायदा मूळ स्वरूपात उदार होता. भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या स्त्रीस नोंदणीने नागरिकत्व मिळू शके. तेथे वर्षांची अट नव्हती. (परदेशी नवऱ्यास ही सोय नव्हती, हा त्या काळाचा दोष.) १९८६ च्या दुरुस्तीने स्त्रीपुरुष भेद गेला आणि पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली. पुढे २००३ ची दुरुस्ती झाली. तिच्या या तरतुदी ३ डिसेंबर २००४ पासून लागू झाल्या. पाचाची सात वर्षे झाली हे एक वेळ सोसता येईल. खरा घाव 'अवैध स्थलांतरित' या नव्या व्याख्येत आहे. पासपोर्टाशिवाय सीमा ओलांडणारा हा अवैध. आणि वैध पासपोर्टावर, व्हिसाचा शिक्का घेऊन, विमानतळावर अधिकाऱ्यास नमस्कार करून आलेला, पण परवानगीच्या मुदतीपलीकडे राहिलेला, हाही अवैधच. एक दिवस आणि दहा वर्षे यांत व्याख्या भेद करीत नाही. आणि कलम ५ ची नोंदणी 'अवैध स्थलांतरित नसलेल्या'लाच मिळते, मग तो नागरिकाचा पती असो की पत्नी. अमेरिकेच्या कायद्यात निदान १८० दिवसांची पायरी आहे, नागरिकाच्या जोडीदारास सूट आहे, माफीचा अर्ज आहे. आपल्या या कलमात जोडीदारासाठी यांपैकी काहीही नाही.

साहित्याच्या वाचकास येथे एक क्रियापद दाखवावेसे वाटते. मूळ इंग्रजी व्याख्येत प्रवेश भूतकाळी आहे, पण मुदतीपलीकडचे राहणे वर्तमानकाळी. म्हणजे मुदत उलटूनही जो 'राहत आहे' तो. मग जिने पूर्वी कधी मुदत मोडली, परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे (जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांकडे असते) दंड भरला, व्हिसा वाढवून घेतला, आणि आज वैधपणे नांदत आहे, ती अवैध की वैध? व्याकरण म्हणते वैध. परंतु जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल होणारा अर्ज व्याकरणाने पुढे सरकत नाही. जुन्या मुदतभंगाचा कागद नस्तीत असतो, आणि शंका आली की नस्ती वर पाठवणे हाच सुरक्षित मार्ग असतो. एका क्रियापदाच्या काळावर एका संसाराचे भवितव्य टांगून ठेवणारा मसुदा आम्हांस वाईट गद्य वाटतो. वाईट कायदा तर तो आहेच.

पण खरे भय पुढेच आहे. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेले मूल जन्माने नागरिक केव्हा? दोन्ही पालक नागरिक असतील तेव्हा. किंवा एक पालक नागरिक असून दुसरा त्या जन्मवेळी अवैध स्थलांतरित नसेल तेव्हा. समजा, देवपुरातील एका तरुणाची पत्नी परदेशी आहे. बाळंतपण अवघड, व्हिसाची मुदत सरली, नूतनीकरणाचा अर्ज करायचे राहून गेले. धुळ्याच्या रुग्णालयात, भारतीय बापाच्या पोटी, मूल जन्मले. कायद्याच्या अक्षराप्रमाणे ते जन्माने भारतीय नाही. विशेष परिस्थितीत कोणत्याही अज्ञान बालकाची नोंदणी करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे खरा. पण तो अधिकार सरकारचा आहे, हक्क बाळाचा नव्हे.

याच्या शेजारी २० जानेवारी २०२५ चा ट्रम्प यांचा आदेश ठेवून पाहा. बेकायदा वा तात्पुरत्या वास्तव्यातील मातांच्या मुलांना जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारू पाहणारा हा आदेश निघताच न्यायालयांत आव्हान दिले गेले, आणि आपल्याकडेही त्यावर भरपूर अश्रू ढाळले गेले. परंतु त्या आदेशातही बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर मूल नागरिकच राहते. ज्या आदेशास आपण निर्दय म्हणालो, त्याहून या एका बाबतीत आपला वीस वर्षांपूर्वीचा कायदा कठोर आहे. आणि त्यावर आपल्या डोळ्यांत टिपूस नाही.

मुदतभंग हा अक्षम्य अपराध आहे असे राज्यकर्त्यांनाही वाटत नाही, याचा पुरावा त्यांनीच दिला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींना 'अवैध' या शब्दातून सोडवले. नियम मार्च २०२४ मध्ये आले. जळगावची सिंधी कॉलनी, धुळ्याचे कुमारनगर येथील माणसांना सिंधमधून उशिरा आलेल्या आप्तांची फरफट ठाऊक आहे; त्यांना दिलासा मिळाला याचा आम्हांस आनंदच आहे. पण मग प्रश्न उरतो: धर्म पाहून जी मुदत माफ करता येते, ती मंगळसूत्र किंवा निकाहनामा पाहून का करता येऊ नये?

एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हत्याकांडानंतर, पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसे २७ एप्रिलपासून रद्द झाले. दीर्घ मुदतीचा व्हिसा हाती असलेल्या सुना राहिल्या. अल्प मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना अटारीची वाट धरावी लागली, काहींना मुले मागे ठेवून. त्या आठवड्यातील संतापाचे कारण आम्ही जाणतो आणि त्यात आम्हीही होतो. परंतु नागरिकाची पत्नी ही शत्रुराष्ट्राची टपाल पेटी नव्हे, एवढे म्हणण्याचे धाडस फार थोड्यांनी केले.

यावर दोन आक्षेप येतात. एक, सुरक्षेचा. ज्या स्त्रीविषयी खरा संशय असेल तिची चौकशी करण्यास कोणी अडवले आहे? सात वर्षांची अट, पोलीस अहवाल, जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस, हे सारे त्यासाठीच आहे. कॅलेंडर संशयिताला ओळखत नाही. ते फक्त गरिबाला, आजारी माणसाला आणि दलालावर विसंबणाऱ्याला ओळखते. दुसरा आक्षेप खोट्या लग्नांचा. तो खरा आहे. पण खोटे लग्न करणारा कागद चोख ठेवतो! त्याचा धंदाच तो. मुदत विसरते ती खरी संसारी बाई.

'एक दिवस पाहुणा, दोन दिवस पई' ही म्हण जपणाऱ्या समाजास मुदतीपलीकडे राहणाऱ्याचा राग यावा हे समजण्यासारखे आहे. पण सून पाहुणी कधीपासून झाली? उंबरठ्यावरचे माप ओलांडून आत आलेल्या मुलीस आपण परतीची तारीख विचारीत नाही.

ग्रीन कार्डावरील सात टक्क्यांची देशवार मर्यादा उठावी म्हणून आपली मुले तेथील लोकप्रतिनिधींना पत्रे लिहितात, सभा घेतात. त्यांच्या आईबापांनी तसेच एक पत्र आपल्या खासदारांस लिहावे. मागणे फार नाही. एक पालक भारतीय नागरिक असेल तर येथे जन्मलेले मूल विनाअट भारतीय असावे. दंड घेऊन शासनाने एकदा नियमित केलेला मुदतभंग जोडीदाराच्या अर्जात पुन्हा उकरला जाऊ नये. आणि ज्यांचा मुदतभंग नियमित झालेला नाही अशा जोडीदारांसाठी माफीचा अर्ज असावा, तो नाकारल्यास कारण लेखी मिळावे, आणि त्या अर्जात मुलांचा त्रासही मोजला जावा. अमेरिकेने तो मोजला नाही म्हणून आपणही मोजू नये असे नाही.