आजीचा शब्द

गेल्या खेपेस सुरतेस गेलो असता उधन्याच्या एका घरी आम्ही दुपारचे टेकलो होतो. कुटुंब मूळचे अमळनेरकडचे. घरधनी कापडाच्या कारखान्यात कामास. शाळा सुटायची वेळ झाली तशी आजीबाईंनी आतून विचारले, "पोऱ्या उना का?" नातू दारातच उभा होता, संगती दोन सोबती. ते फिदीफिदी हसले. नातवाचा चेहरा पडला. "आजी, असं बोलू नको ना," तो पुटपुटला. आजीबाई गप्प झाल्या, आणि आम्ही उठेपर्यंत गप्पच राहिल्या.

वाचकहो, ती शांतता आम्हांस अजून बोचते.

खानदेशातील हजारो कुटुंबे तापीच्या खोऱ्यातील रेल्वेने सुरतेस आली व उधना, लिंबायत या भागांत स्थिरावली. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालविते. तरी मुलांच्या तोंडी आता शाळेची मराठी, बाजाराची गुजराती आणि रस्त्यावरची हिंदी असते. अहिराणी उरली आहे ती आजीपाशी. ती बिघडलेली मराठी आहे असा पुष्कळांचा समज आहे; तो चुकीचा होय. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात, १९०७ च्या खंडात, खानदेशीचे वर्णन मराठीच्या खंडात नव्हे, तर भिल्ली बोलींसोबत केलेले आहे. मराठीत 'आहे', गुजरातीत 'छे', तर अहिराणीत 'शे'. मराठी 'मला' म्हणते तेथे अहिराणी 'माले' म्हणते. ही चूक नव्हे, हा तिचा नियम आहे.

असाच प्रकार दूर आयर्लंडात घडला. १८४५ साली तेथे बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे मेली व तितकीच परदेशी गेली. आयरिश बोलणाऱ्या गरीब खेड्यांवरच मोठा घाव बसला. त्याच शतकात शाळकरी पोरांच्या गळ्यात काठी अडकवीत. आयरिश शब्द तोंडातून निघाला की काठीवर खाच पडे आणि खाचांइतका मार मिळे. दुःखाची गोष्ट ही की, पोरांचे भले व्हावे म्हणून आईबापही त्यास संमती देत.

तरीही शब्द सगळे मेले नाहीत. तेथील खेडूत आज इंग्रजी बोलतो. पण शेतातील अरुंद वाटेला तो 'बोरीन' म्हणतो, आणि शेजाऱ्याच्या कापणीस सारे गाव मजुरीवाचून धावते त्यास 'मेहल', म्हणजे आपली इर्जिकच. नव्या भाषेत ज्या वस्तूस नेमके नाव मिळत नाही, तिचे जुने नाव टिकते. सुरतेच्या त्या घरीही बिबडी ही बिबडीच होती, भाकरी कळण्याचीच होती, आणि सासरची लेक येणार होती ती आखाजीला.

आमच्या वसईकडे तरी निराळे काय आहे? १७३९ साली पोर्तुगिजांची सत्ता गेली. पाव, चावी, पगार हे त्यांचे शब्द मागे राहिले. ते बोलताना आम्हांस लाज वाटत नाही. मग आपल्या आजीच्या सामवेदी किंवा वाडवळी शब्दाचीच का वाटावी? फादर स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. तरी १६१६ साली छापलेले 'ख्रिस्तपुराण' त्यांनी रचले ते येथील लोकांच्या वाणीत. परक्याने जिचा मान राखला, तिला घरच्याने हसावे काय?

मुलांनी शाळेची भाषा उत्तम शिकावी. पोट तिच्यावर आहे. परंतु तिच्यासाठी आजीला गप्प बसविण्याचे कारण नाही. आईबापांनी एवढे करावे: रात्रीच्या जेवणानंतर मुलाने आजीस एक जुना शब्द विचारावा आणि वहीत उतरून घ्यावा. वही भरेल तेव्हा भरेल. आजी मात्र त्याच रात्री पुन्हा बोलू लागेल.